रद्द झालेला गज

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत एका सद्गृहस्थांनी शामराव इंगवल्यांची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे रंगवली. शामराव भ्रमिष्ट झाले, गाडीतल्या कोणा पिशाच्चाने त्यांना रंकाळा तलावात ओढून नेले, आणि पुढे कित्येक दिवस ते तिन्हीसांजेला येऊन आपल्याच घराची भिंत खरवडत असत, असा तिचा सारांश. श्रोत्यांचा चहा कपातच निवला. हे सद्गृहस्थ राजारामपुरीत राहायला आले तोवर शामरावांच्या घराला नवा रंगही लागून गेलेला होता. मी उठून एवढेच विचारले, "आपण तिथे होता काय?" ते म्हणाले, "मी नव्हतो, पण सगळे तसंच सांगतात." मी आयुष्यभर दिवाणी न्यायालयात वकिली केली. 'सगळे' नावाचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिलेला मी कधी पाहिला नाही.

मी तिथे होतो. शामरावांचे घर माझ्या घरासमोर होते आणि माझ्या गॅलरीतून त्यांचे फाटक, अंगण आणि बोळाकडची भिंत स्पष्ट दिसत असे. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना भूत हवे आहे त्यांनी पुढे वाचू नये.

शामराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उंच, सडपातळ, आणि मान नेहमी किंचित उजवीकडे कललेली. भिंतीपलीकडचे बोलणे ऐकत असावेत तशी. महिन्यातले बहुतेक दिवस ते फिरतीवर असत: आज गडहिंग्लजचा बाजार, उद्या शिरोळ, परवा मलकापूर. व्यापारी त्यांना भीत, पण शिव्या देत नसत. कारण हा मनुष्य माणसावर कधी आरोप करत नसे. तो फक्त काट्याला प्रश्न विचारत असे.

एकदा मंगळवार पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होतो. मालक छातीवर हात ठेवून सांगत होता, "सायेब, आज्याच्या हातचा काटा हाय ह्यो. दोन पिढ्या ह्येच्यावर वजन झालंय!"

"मग दोन पिढ्या चुकल्या," शामराव शांतपणे म्हणाले. त्यांनी दोन्ही पारड्यांत सारखी वजने ठेवली. डावे पारडे जरा खाली राहिले. मग त्यांनी पारड्यांची अदलाबदल केली: डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. पुन्हा डावीच बाजू खाली आली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? पारडं बदललं, पण दोष त्याच बाजूला राहिला. म्हणजे पारड्यात काही नाही, दांडीत आहे. आधी हेच बघायचं असतं, वकीलसाहेब. दोष वस्तूचा की जागेचा?"

हे त्यांचे आवडते वाक्य. चष्मा सापडेना, भाजी खारट झाली, नातेवाईक रुसले, काहीही होवो, शामराव मान कलती करून विचारत, "दोष वस्तूचा की जागेचा?"

त्यांच्याकडे एक लाकडी गज होता. दोन हात लांबीचा, दोन्ही टोकांना पितळेची टोपणे बसवलेला, कापड मोजायचा प्रमाण गज. देशात मीटर आला तेव्हा खात्याने असले सगळे गज रद्द केले, आणि जळणात जाणारा हा एक शामरावांनी मागून घेतला. त्या गजाने आता काही मोजणे बेकायदा होते. शामराव त्याने ऐकत असत. पितळेचे एक टोक नळाला, पंपाला, लाकडाला लावायचे आणि दुसरे कानाच्या पाळीमागे दाबून धरायचे. घराच्या चौकटीत वाळवी कुरतडते आहे हे त्यांनी असेच शोधले होते. गज टेकवला की डावे बोट वर जाई, त्याचा अर्थ सर्वांनी गप्प बसावे. ते बोट वर असताना त्यांच्या डोळ्यांत जी अनुपस्थिती येई ती मला कधी आवडली नाही. डोळे उघडे असत आणि घरात कोणी नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. इथे दुसरी थाप सुरू होते, ती खोडून पुढे जातो. ती काळी, गोल पाठीची जुनी गाडी शिरोळच्या एका ऊसवाल्याची होती आणि कृष्णेच्या पुरात गोठ्यात उभी राहिली होती. पाणी आसनांपर्यंत चढले होते. हे खरे. तिच्यात बसून कोणी बुडाले, हे खोटे. मी स्वतः शिरोळला जाऊन चौकशी केली आहे. ऊसवाला बायकामुले आणि म्हशी घेऊन आदल्याच दिवशी ट्रॅक्टरने उंचावर गेला होता. आसनाखाली हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला, तो त्याच्या बायकोचा. बांगडी फुटायला बाईने बुडावे लागत नाही.

गाडी मात्र खरोखरच विचित्र होती. दार उघडले की फटींतून वाळलेला गाळ भुरभुर पडे; कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडे. आणि इंजिन थडथडत असे. रस्त्यावर वेगात बरे चाले, पण जागेवर उभे असताना सबंध गाडी थंडी वाजल्यासारखी कापे. चार ठोक्यांतला एक ठोका गळे.

आमच्या ओळखीचा मिस्त्री दस्तगीर. त्याचे गॅरेज जवळच होते आणि आवाज एवढा मोठा की गॅरेजला पाटीची गरज नव्हती. त्याने बॉनेट उघडून ऐकले आणि जाहीर केले, "मिसिंग करतीया. पण साधं मिसिंग न्हाय हे. शामराव, किल्ली बंद करा बघू."

शामरावांनी किल्ली फिरवली, काढली आणि तळहातावर ठेवली. इंजिन चालूच राहिले. ढक... ढक... ढक... मधे लांब श्वास घेत, अडखळत, जणू कोणी जिना चढते आहे. आम्ही तिघे त्या किल्लीकडे पाहत उभे. मग एक मोठा आचका देऊन ते थांबले.

"किल्ली तुमच्या हातात हाय न्हवं?" दस्तगीर दोन पावले मागे सरकला. "मग चालतंय कुनाच्या हुकमावर? आत कोनतरी बसलंय, वकीलसायेब. मी हात लावणार न्हाय. माझी बी पोरंबाळं हायत."

हा त्या भुताचा जन्म. त्याचे आईबाप एकच, दस्तगीर. वस्तुस्थिती अशी, की जुन्या इंजिनाच्या पोटात काजळीचा थर साचतो आणि तो निखाऱ्यासारखा तापून राहतो. किल्ली काढली तरी त्या निखाऱ्यावर पेट्रोल पेटत राहते. हे कारण मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. पण कारण ठाऊक नसणे म्हणजे भूत असणे नव्हे. तो आवाज ऐकायला बरा वाटत नव्हता, एवढे मात्र मान्य.

दस्तगीरने अंग काढून घेतल्यावर शामरावांनी स्वतःच बाह्या सरसावल्या. त्यांनी त्यापूर्वी सायकलचे पंक्चरही काढलेले नव्हते. पहिल्याच दिवशी चालू इंजिनाच्या प्लगची वायर उघड्या हाताने ओढली आणि असा झटका बसला की चष्मा तुळशीपाशी जाऊन पडला. त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी धावत बाहेर आल्या.

"अहो, सोडा की तो नाद! भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

"झटका बसला म्हणजे ह्या वायरीतून वीज येते," शामराव चष्मा पुसत म्हणाले. "एक गोष्ट सिद्ध झाली."

पुढे ते पायातली रबरी स्लिपर हातात घेऊन तिच्यात वायर धरू लागले. पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती आणि मला अंगणातल्या खुर्चीवर बसवून समजावली होती. इंजिन चालू ठेवायचे. चार वायरींपैकी एक काढायची आणि ऐकायचे. इंजिन आणखी लंगडले, तर ती वायर आपले काम करत होती, परत लावून टाकायची. पण काढूनही काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथे. कारण ती असून नसल्यासारखीच होती.

पहिली काढली, इंजिन कळवळले. दुसरी काढली, तसेच. तिसरी काढली, आणि काहीच झाले नाही. तीच थडथड, तोच ठोका गळत राहिला. शामरावांचे बोट वर गेले. "ही," ते हळूच म्हणाले.

मग अदलाबदल. तिसरीचा प्लग पहिलीला, पहिलीचा तिसरीला. दोष तिसऱ्याच जागी राहिला. "वस्तूचा नाही. जागेचा." मग त्यांनी गज काढला आणि इंजिनभर टेकवत फिरले. वैद्य पाठ तपासतो तसे. हवा आणि पेट्रोल आत नेणारी नळी इंजिनाला जिथे जोडलेली होती, तिथे तिसऱ्या जागेजवळ ते थबकले. बराच वेळ थबकले. "श्वास घेतंय," ते म्हणाले. सांध्यातले पॅकिंग पुराच्या पाण्याने कुजून फटीतून जादा हवा आत शिरत होती. त्यांनी फटीवर तेलाचे थेंब सोडले. तेल आत ओढले गेले आणि क्षणभर गाडी एकदम शांत झाली. नंतर जाड पुठ्ठ्याचे नवे पॅकिंग कात्रीने कापून त्यांनी स्वतः बसवले. किल्ली काढल्यावर चालत राहण्याची खोड तेवढी गेली नाही. बाकी इंजिन असे चालू लागले की त्यावर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हलू नये.

मी अभिनंदन करायला गेलो तेव्हा शामराव गाडीपाशी मान कलती करून उभे होते. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"काय? काहीच ऐकू येत नाही."

"तेच. गाडीची थडथड थांबली आणि मला घराची ऐकू आली."

हे वाक्य वेडाचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी निवृत्त माणसाच्या घरात चार दिवस काढावेत. शामराव फिरतीवर असताना ते घर सुरळीत होते. आता ते चोवीस तास घरात होते, आणि दारे जरा जोरात लागत होती. भांडे ठेवताना हात घसरत होता. मुलगा विजय बोलता बोलता वाक्य अर्धे टाकून उठत होता. सून शैला स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटत होती. कोणत्याही घरात घडते तेवढेच. पण आपल्याला जे ऐकू येत नाही ते त्यांना येत असे. त्यांनी गज घराच्या भिंतींना लावायला सुरुवात केली.

आधी अदलाबदल झाली. विजय-शैला पुढच्या खोलीत, वहिनी मधल्या, स्वतः स्वयंपाकघराशेजारी. देवघर माडीवर. सगळे हसले आणि निमूट सामान हलवले. थडथड राहिली. मग काढून बघणे. मुलगा-सून मिरजेला शैलाच्या माहेरी.

"मामंजी, मला काढल्यावर चहा कोण करणार?" शैला म्हणाली होती. "तेवढा फरक नक्की पडंल बघा."

ती दोघे परतल्यावर वहिनी गडहिंग्लजला बहिणीकडे. जाताना त्या माझ्या दारात थांबल्या. "भावजी, माझा नंबर कितवा लागलाय ते विचारून ठेवा की त्यांना." त्या हसत होत्या, म्हणून मीही हसलो.

एका संध्याकाळी शामराव माझ्या पायरीवर येऊन बसले. "कोणालाही काढलं की घर जास्तच लंगडतं," ते म्हणाले. "म्हणजे तिघंही कामाची आहेत. पण चाचणी नीट झाली नाही, वकीलसाहेब. सांगून पाठवलं, तिथंच चुकलं. सांगितलं की मागचे सावरून घेतात, जाणारा परत यायचा दिवस मोजतो. इंजिनाची तार काढताना इंजिनाला कोण सांगतं?"

या वाक्याचा अर्थ ऐकताक्षणी लागला असता, असे म्हणणारा मनुष्य लबाड आहे.

चैत्रातल्या एका सकाळी शामराव घरात नव्हते. गाडीची किल्ली खिळ्यावर होती, पाकीट कपाटात, चष्म्याचे घर उशाशी. चपला आणि गज नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली शोधत होती. कोणीतरी रंकाळ्यावर एक चप्पल पाहिल्याचे सांगितले आणि तिथे गळ टाकून पाणी ढवळायला सुरुवात झाली. विजय काठावरच्या दगडी भिंतीवर बसून होता. पाण्याकडे त्याला पाहवत नव्हते. दस्तगीर लहान मुलासारखा रडत होता. "मी सांगिटलं हुतं, वकीलसायेब. ती गाडी मानूस मागतीया."

पाण्यातून काही निघाले नाही. शैलाने छळून सासऱ्याला घालवले, ही तिसरी कथा तेव्हा जन्मली. तीही खोटी. त्या घरात त्यांच्याशी तोंड उघडून भांडणारी ती एकटीच होती, आणि ते तिच्याशीच सर्वांत जास्त बोलत. मी प्रत्येकाला तेव्हाही हेच सांगत होतो: गज नेला आहे. जीव द्यायला निघालेला मनुष्य ऐकायची काठी बरोबर घेत नाही. कोणी मानले नाही.

मग एके दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतले. चेहरा उतरलेला, पण आवाज स्थिर. "भावजी, ते येतात."

"कोण?"

"तिन्हीसांजेला. बोळाकडच्या भिंतीला काहीतरी टेकतं. पितळेचं. मला ठाऊक नाही होय तो आवाज?" पहिल्या वेळी त्यांनी विजयला धावत बाहेर पाठवले होते. बोळात कोणी नव्हते, आणि त्यानंतर बरेच दिवस आवाजच आला नाही. पुन्हा आला तेव्हापासून वहिनींनी बाहेर जायची सर्वांना बंदी केली होती. "जिवंत असोत, नाहीतर काही असोत. येतात तेवढं तरी येऊ देत."

मी त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत जाऊन बसलो. दिवे लागायच्या सुमारास गल्लीतल्या टायपिंग क्लासचा खडखडाट थांबला. विजय रेडिओ ऐकत होता, शैला परातीत पीठ मळत होती. आणि भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, आवाज झाला. टक्. फार लहान. वहिनींनी ओठांवर बोट ठेवले. विजयने रेडिओ बंद केला. शैलाचा हात पिठातच थांबला. कोणी श्वासही मोठ्याने घेईना. भिंतीपलीकडेही काही नव्हते. ना पाऊल, ना खाकरणे. मी अनेक अवघड प्रसंगांत बसलेलो आहे, पण त्या शांततेसारखी शांतता मी पाहिली नाही. खोलीतला सगळा आवाज त्या एका ठिपक्यातून कोणीतरी ओढून घेत होते, मघा सांगितले त्या फटीने तेल ओढून घ्यावे तसे.

मी उठलो आणि मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, वळसा घालून बोळात गेलो.

शामराव भिंतीशी उभे होते. गजाचे एक टोक भिंतीला, दुसरे कानामागे. डावे बोट वर. दाढी वाढलेली, आणि पायजम्यावर गुडघ्यांपर्यंत राखाडी, वाळलेली चिखलाची राड, त्या गाडीच्या फटींतून पडे तशीच. मी समोर उभा राहिलो तरी उघड्या डोळ्यांत मी उमटलो नाही. काही वेळाने ते परत आले, म्हणजे त्यांची नजर परत आली.

"थांबली," ते म्हणाले. चेहऱ्यावर गाडीच्या वेळी नव्हता तो आनंद होता. "ऐका तुम्ही. एक ठोका गळत नाही. मी काढल्यावर घर किती सुरेख चालतंय! दोष सापडला, वकीलसाहेब."

"शामराव, भलतंच काय बोलता? ते तुमचा गज ऐकायला गप्प बसतात. तुम्ही आत ऐकता, ते बाहेर ऐकतात. बंद पडलेलं इंजिनही थडथडत नाही!"

त्यांनी मान कलती करून माझे म्हणणे तोलले. हो, तोललेच. मग सावकाश मान हलवली. "मालकाच्या शेजाऱ्याच्या शब्दावर मी काटा पास करत नसतो. काटा बोलला पाहिजे."

"मी तुम्हाला हाताला धरून आत नेतो."

"न्या. मग मी कधी जातो ह्याची वाट बघत ती सगळी माझ्याकडे बघतील, आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी गज बगलेत धरला. "काही फरक पडला, तर मी येईनच की."

ते बोळाच्या दुसऱ्या तोंडाने गेले. मी मागे गेलो. कोपऱ्यावर रस्ता मोकळा होता. एवढ्यात कुठे गेले म्हणता? राजारामपुरीला गल्ल्या काय कमी आहेत? राहत कुठे होते म्हणता? शिरोळच्या त्या ऊसवाल्याकडे. मी त्याला जाऊन विचारले. त्याने हात जोडून नाही म्हणून सांगितले. तो खोटे बोलला, असे माझे ठाम मत आहे.

मी घरात येऊन सर्व सांगितले. वहिनी रडल्या नाहीत. भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे आम्हीच गप्प बसून त्यांना घालवतोय." मग एकदम पदर खोचून उठल्या. "उद्यापासनं तिन्हीसांजेला सगळ्यांनी भांडायचं. मोठ्यानं."

"कशावरनं, आत्याबाई?" शैलाने विचारले.

"कशावरनं बी! त्यांना ऐकू गेलं पाहिजे, की त्यांच्यावाचून हितं काही धड नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे भांडण सुरू झाले, त्याला तोड नव्हती. विजय हिशेबी, अबोल मुलगा. तो आमटीवरून ओरडू लागला. शैला परात आपटे. दस्तगीरला मुद्दाम बोलावून आणले होते. भूत वगैरे विसरून तो अंगणात गाडी सुरू करी, एक वायर काढून ठेवी आणि त्या थडथडाटावर स्वतःचा आवाज चढवी, "शामराव, गाडी बिघडली बगा! या की लौकर!" पण यात एक अडचण होती आणि ती वहिनींच्या लगेच ध्यानात आली. त्या गलक्यात भिंतीला गज लागला की नाही, हे आता कोणालाच ऐकू येत नव्हते. म्हणून पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मी गॅलरीत बसत असे. दिवसांमागून दिवस बोळ रिकामा होता, आणि भांडण चालू होते.

आणि मग ते आले. मी हे स्वतः पाहिले आहे. माझी दृष्टी तेव्हा उत्तम होती.

बोळातून आले, भिंतीशी उभे राहिले, गज टेकवला. आत विजय आणि शैला कडाकडा भांडत होती, वहिनींचा आवाज त्यांच्यावर, अंगणात गाडी कापत होती. शामराव ऐकत राहिले. मग त्यांचे बोट, ते वर धरलेले बोट, हळूहळू खाली आले. त्यांनी गज कानापासून काढला. ते भिंतीच्या कडेने पुढे आले, फाटकापाशी थांबले, आणि चेहऱ्यावर, शपथेवर सांगतो, फिरतीवरून शनिवारी घरी परतणाऱ्या माणसाचा भाव होता. त्यांनी कडीला हात घातला.

बगलेतल्या गजाचे पितळ फाटकाच्या लोखंडाला लागले. टक्.

एवढ्या गोंगाटात तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. वहिनींना आला. दारातून मला त्यांचा हात वर गेलेला दिसला. विजय वाक्यात थांबला. शैला थांबली. दस्तगीरने घाईघाईने किल्ली फिरवून काढून घेतली. सगळे घर श्वास रोखून ऐकू लागले.

गाडी तेवढी थांबली नाही. किल्लीवाचून, एका वायरीवाचून ती चालत राहिली. ढक... ढक... प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा लांब. शामराव कडीवर हात ठेवून शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकत होते. तो पडला, आणि मग काहीच नव्हते.

"शामराव!" मी गॅलरीतून ओरडलो. त्यांनी वळून न बघता डावे बोट वर केले. मला गप्प केले. मग कडीवरचा हात काढून घेतला, बोळात माझे म्हणणे तोलून हलवली होती तशी मान हलवली, आणि गज खांद्यावर टाकून, कुठलीही घाई न करता, मुख्य रस्त्याच्या दिशेने चालू लागले. पाठमोरी मान सरळ होती. ती सरळ मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

मी जिना उतरून पोहोचलो तोवर वहिनी फाटकापाशी होत्या. कडीला राड लागली होती, ओली. भर उन्हाळ्यात ती ओली कशी, हे मला विचारू नये. शिरोळला उसाला बारमाही पाणी असते, एवढेच मी सांगू शकतो.

विजयची पुढे बदली झाली, शैला त्याच्याबरोबर गेली. वहिनी घर सोडून गेल्या नाहीत. रोज दिवे लागायच्या वेळेला त्या पुढच्या खोलीत येत आणि मोठ्याने भांडत. आमटीवरून, देवघरावरून, हरवलेल्या चष्म्यावरून. एकट्या, भिंतीकडे तोंड करून. गल्लीतले लोक त्याला वेड म्हणत आणि मुलांना आत घेत. मी समोरच्या गॅलरीत बसलेला असे. त्यांचा आवाज बसू लागला की इकडून मी ओरडून उलट उत्तर देत असे, म्हणजे त्यांना थांबावे लागू नये.